न सापडलेली एकशे तेरा माणसं

३ ऑक्टोबर १९७७, सोमवार

आजपासून दोन डायऱ्या. एक ऑफिसची, इंग्रजीत, पोस्टमासाहेबांच्या हुकमावरून. पाहणीवर जाणाऱ्या प्रत्येकानं जे दिसेल ते रोज लिहायचं, असं त्यांनी बजावलंय. दुसरी ही, मराठीत. तिकडे लिहिता येणार नाही ते इकडे.

पोस्टमासाहेब डच आहेत, रॉटरडॅमचे. आमच्या कंपनीनं या आखाती देशाच्या एका सरकारी खात्याकडून सबाह अल-सालेमच्या पलीकडच्या वाळूत नवी वस्ती आखायचं काम घेतलंय. त्यासाठी त्यांना मुद्दाम आणलं. त्यांचं म्हणणं, रस्ते आणि घरं आखायच्या आधी शेजार समजून घ्या. म्हणून गावातले तीन जुने मोहल्ले निवडले. इथले लोक मोहल्ल्याला फरीज म्हणतात. त्यातला एक आमचा निघाला, दस्मानच्या मागची अकरा घरांची गल्ली. मालक लोक कधीच मोठ्या बंगल्यांत राहायला गेले. त्यांच्या जुन्या मातीच्या घरांत आता आम्ही भाड्यानं राहतो. बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान, तीन नर्स, आणि मी.

नाशिकच्या नगररचना खात्यात मी नऊ वर्षं नकाशे काढले. इथं तीन वर्षं झाली. हुद्दा ड्राफ्ट्समन. गल्लीत मला इंजिनेर भाऊ म्हणतात. पहिल्या महिन्यात दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

६ ऑक्टोबर

साहेब गल्ली बघायला आले. मी सकाळपासून धास्तावलेलो. गटार तुंबलेलं, दोऱ्यांवर लुंग्या वाळत घातलेल्या. पण त्यांना तेच आवडलं. सात नंबरच्या दारात ओट्यावर बसले आणि अमिरुन्निसाभाभींनी दिलेला चहा दोनदा प्याले.

चहा पिता पिता सगळं सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना बॉम्ब पडून त्यांचं शहर जळालं. युद्धानंतर तिथल्या आखणीकारांनी ठरवलं, की आता नुसतं शहर बांधायचं नाही, शेजार बांधायचे. शाळा, बेकरी, डॉक्टर सगळं घरापासून दहा मिनिटं चालत. मोठा रस्ता न ओलांडता पोराला शाळेत जाता यावं. माणूस आजारी पडला तर कुणाला तरी कळावं. "आम्ही सगळं बांधलं," ते म्हणाले. "बेकरी आहे, शाळा आहे. आणि लोक आपापल्या खोलीत टीव्ही बघत बसतात." आता तिकडे काही गावांत रस्त्यांना मुद्दाम वळणं देतात, मधे झाडं लावतात, म्हणजे मोटार माणसाच्या चालीनं जाते आणि पोरं रस्त्यात खेळतात. मग आमच्या गल्लीकडे हात करून म्हणाले, "आम्ही तीस वर्षं जे करायला बघतोय ते इथं कुणी न आखता झालंय."

अंगावर मूठभर मांस चढलं. रागही आला. गटार तुंबलेलं यांना दिसत नाही की काय.

जाता जाता मी विचारलं, तुमच्या शेजारी कोण राहतं? साहेब समुद्राकडच्या बंगल्यांत राहतात, उंच भिंतींच्या आत. ते म्हणाले, "एक फ्रेंच कुटुंब असावं." मोकळेपणानं हसले.

११ ऑक्टोबर

आजपासून फॉर्म भरायला सुरुवात. प्रश्न तीनच. घरात खोल्या किती, माणसं किती, आणि न विचारता कुणाच्या घरात शिरता. फॉर्मवर फक्त आकडे. नावं माझ्या खिशातल्या वहीत, पडताळ्यासाठी.

पहिलं घर भाभींचं. त्या आणि त्यांचे यजमान इद्रीसभाई. मुलं रत्नागिरीला आजीकडे. इद्रीसभाई बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करतात. भाभी गल्लीतल्या एकट्या माणसांना जेवण घालतात. मीही त्यांच्यातलाच. माझ्या बायकोला, शैलाला, हे अजून कळवलेलं नाही. तिला वाटतं मी स्टोव्हवर खिचडी करून खातो. मुसलमानाघरी रोज जेवतो हे पत्रात कसं लिहायचं ते मला तीन वर्षांत सुचलेलं नाही. भाभी माझी भाजी वेगळ्या पातेल्यात करतात, मी सांगितलं नसताना.

"लिवा," भाभी म्हणाल्या. "मी, हे. मंग अब्बास. मंग मुस्तफाकडचे चार. मंग तुमी."

"मी समोर राहतो, भाभी."

"जेवता कुटं?"

"तुमच्याकडे."

"मंग?"

मी म्हटलं, अब्बास तर गल्लीतल्याच मुस्तफाच्या गच्चीवर झोपतो. त्यावर भाभी चिडल्या. "झोपतो तिकडं. झोपन्याला काय लागतं? एक दिवस जेवाया आला नाय तर इचारतो कोन? मी का मुस्तफा?"

अशी सतरा माणसं झाली. दोन खोल्यांत सतरा. मी लिहिलं. सांगतील ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, असं साहेबांनी बजावलंय.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना सगळे नव्या वस्तीविषयी विचारत होते. अब्बासनं विचारलं, आपली मोजणी कशापायी? हा श्रीवर्धनचा, तिशीचा, एअरकंडिशनर दुरुस्त करतो. तोंडाचा पट्टा सतत चालू.

मी एवढंच म्हणालो, की साहेबांच्या देशात जुनी वस्ती हलवायची तर आधी तिथल्या माणसांना विचारतात. रॉटरडॅमच्या लोकांनी सभांतून आरडाओरडा केला, शेवटी त्यांना त्यांच्याच गल्लीत नवी घरं मिळाली. साहेबांनीच सांगितलेलं. इथं तसं होईल असं मी म्हणालो नाही. पण होणार नाही असंही म्हणालो नाही. सगळे ऐकत होते आणि मला बोलायला बरं वाटत होतं.

इद्रीसभाई म्हणाले, "म्हंजे यादीत नाव नाय तो मागं राहिला." उद्यापासून फॉर्म भरताना आपलं कुणी सुटू नये असं जो तो बघणार, असं दिसतंय.

२० ऑक्टोबर

चार नंबर झालं. प्रेमा साळवे, नगरची, सरकारी दवाखान्यात नर्स. बरोबर आणखी दोघी. माणूस सरळ, जीभ तिखट.

"आम्ही तिघी," ती म्हणाली. "पण सहा लिहा. अब्बास धरा. तो सिलिंडर आणतो, आम्ही ड्यूटीवर असलो की पाणी भरून ठेवतो. त्याला सोडून कशा जाणार? मुस्तफाभाई धरा. आणि तुम्हाला धरते, लक्ष्मीकांतराव, काय करणार." मग थांबली. "भाभींनीही अब्बासला मांडलंय ना? आणि मुस्तफांनी? म्हणजे तो एकटा तीन जागा अडवणार. हे चालतं का? नंतर आमच्या अंगाशी येणार नाही ना?"

मी म्हटलं, ही शिरगणती नाही. हा माणसांचा अभ्यास आहे.

"तुमच्या साहेबाला ठाऊक आहे ना हे?"

म्हटलं, ठाऊक आहे. सांगणारच होतो.

२ नोव्हेंबर

बेरीज झाली. अकरा घरं, चौतीस खोल्या, एकशे चौऱ्याहत्तर माणसं. मी वहीतली नावं काढून एकेक खोडत गेलो. खरी माणसं एकसष्ट. अब्बास पाच घरांत. मी तीन घरांत.

हे दुसरं कळलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. नाशिकला आमच्या वाड्यातल्या भाऊबंदांनी मला रेशनकार्डावरसुद्धा ठेवलं नव्हतं. इथं तीन घरांनी आपला म्हणून सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

तक्ता उद्या टायपिंगला जायचा आहे. साहेबांना एकशे चौऱ्याहत्तर सांगितले तर ते म्हणाले, "जबरदस्त. इतका दाट शेजार मी पाहिलेला नाही." ते एवढे खूष होते की मी पुढचं वाक्य गिळलं. शिवाय आकडा मोठा असेल तर गल्लीचं वजन वाढेल. एकसष्ट माणसांना कोण विचारतो?

साहेबांनी माझ्या बढतीचंही काढलं. सीनियर ड्राफ्ट्समन झालो तर फॅमिली व्हिसा. शैलाचं पत्र आलंय. रेखा सात वर्षांची झाली, बाबा कसे दिसतात म्हणून फोटो मागते.

१२ नोव्हेंबर

काल दिवाळी झाली. भाभींनी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी पणती लावली होती. तेल सांडून पायरी निसरडी झाली आणि मी पडलो. कंबर दुखते आहे. ऑफिसला सुट्टी नाही.

साहेबांनी नव्या वस्तीचा नकाशा उलगडला. सुंदर काम. रस्ते वळत जातात, घरांच्या दारात ओटे, मधे छोटं मैदान, शाळा, मशीद, दवाखाना, दुकान, सगळं दहा मिनिटांत. एक वळण तर थेट आमच्या गल्लीचं. साहेबांनी आमच्या गल्लीची रुंदी फुटपट्टीनं मोजून नेली होती. सगळी अक्षरं मी काढली. मध्यपूर्वेत माझ्यासारखं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही, असं आमचे इंग्रज मॅनेजर म्हणतात. ते बरोबर आहे.

अक्षरं काढता काढता विचारलं, इथं कोण राहणार? साहेब म्हणाले, इथले नागरिक. कुटुंबवाले. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. परदेशी माणसाला त्या वस्त्यांत घर मिळत नाही हे इथं पहिल्याच आठवड्यात कळतं. तरी विचारलं.

२४ नोव्हेंबर

अहवाल छापून आला. आमच्या गल्लीचं प्रकरण वेगळं. पहिली चार पानं साहेबांची, शेजाराचं कौतुक, ओटा, चहा. मग माझा तक्ता. खोलीमागे पाच माणसं. खात्याच्या नियमात खोलीमागे तीनच्या वर गेलं की घर राहायला अयोग्य. तक्त्याखाली एका ओळीत लिहिलंय, की वस्ती तातडीनं रिकामी करावी. ती ओळ साहेबांची नाही, खात्यातून आली. पण आकडा माझा.

एकसष्टनं भाग दिला तर दोनही येत नाहीत.

२६ नोव्हेंबर

साहेबांना खरं सांगितलं. सगळं. त्यांनी अहवाल उघडून माझा तक्ता काढला. मग म्हणाले, "म्हणजे तू मला शेजाराचं सर्वात खरं मोजमाप आणून दिलंस आणि मी ते ओळखलं नाही."

मला त्या बोलण्याची चीड आली. माझी कंबर दुखत होती आणि इकडे लोकांची घरं जात होती.

त्यांनी उपाय सांगितला. एक पान लिहायचं. कोण किती घरांत मोजला गेला, खरा आकडा किती, खाली माझी सही. ते स्वतः ते पान खात्यात घेऊन जातील. पुढच्या शनिवारपर्यंत वेळ आहे, कारण त्यानंतरच्या सोमवारी ते ख्रिसमसच्या लांब रजेवर हॉलंडला जाणार. "तुझ्या नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही," असंही म्हणाले. खोटं आश्वासन दिलं नाही, एवढं खरं.

१ डिसेंबर

चार वेळा लिहायला बसलो. अक्षर चांगलं येत नव्हतं.

विचार केला तो असा. खात्याला ती जागा हवी आहे. एकसष्ट म्हटलं तरी ते दुसरं कारण काढतील. मग माझी नोकरीही जाणार आणि गल्लीही. दोन्ही घालवण्यात कुणाचं भलं? शैलाचा व्हिसा वरच्या टेबलावर आहे. बारा वर्षांनी माणसाला एकदा बढती मिळते. हे सगळं मुद्दे म्हणून बरोबर आहे. वाचून बघितलं, कुठं चूक सापडत नाही.

३ डिसेंबर, शनिवार

दिलं नाही. साहेबांनी विचारलं नाही. जाताना हात हातात घेऊन दाबला.

५ डिसेंबर

गल्लीत नोटीस लागली. साठ दिवस. अरबीत आहे, इद्रीसभाईंनी वाचून दाखवली. कोणी रडलं नाही. अब्बास म्हणाला, "इंजिनेर भाऊ हाय ना." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

७ जानेवारी १९७८

अर्ज तयार झाला. मीच लिहिला, इंग्रजीत, गल्लीच्या वतीनं. नकाशावर काढतो त्या अक्षरात. जीव ओतून लिहिला. आम्ही एकसष्ट माणसं आहोत, घरं नीट ठेवतो, दवाखाना आणि बंदर इथून जवळ आहे, आम्हाला इथंच राहू द्यावं किंवा सगळ्यांना एका ठिकाणी जागा द्यावी. खरा आकडा लिहिताना हलकं वाटलं. म्हटलं, दुरुस्तीच झाली ही एक प्रकारची, फक्त माझ्या सहीशिवाय.

सगळ्यांनी सह्या केल्या. भाभींनी अंगठा दिला आणि बोट पदराला पुसलं. प्रेमानं सही करायच्या आधी दोनदा वाचलं. म्हणाली, "इथं एकसष्ट. आणि तिकडे?"

मी म्हटलं, तिकडचं मी बघतो.

११ जानेवारी

हे आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

खात्यातून बोलावणं आलं. अर्ज घेऊन गेलेले इद्रीसभाई आणि प्रेमा आधीच तिथं उभे होते. मला कंपनीच्या गाडीतून नेलं. निघताना नावांची वही पिशवीत टाकली होती. का टाकली? दाखवायचीच होती. तसं ठरवलंच होतं.

अधिकारी सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्या दोघांना खुर्ची नाही. समोर दोन कागद ठेवले, टायपिंगला गेलेला माझ्या हातचा मूळ तक्ता आणि गल्लीचा अर्ज. बोट ठेवून म्हणाले, "अक्षर एकाच माणसाचं आहे."

ज्या अक्षराचा मला एवढा ताठा, ते.

"पाहणी तुम्ही केली?"

"हो."

"एकशे चौऱ्याहत्तर. अर्जात एकसष्ट. यातलं खरं कोणतं?"

पिशवी मांडीवर होती. वहीचा कोपरा बोटांना लागत होता. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, या लोकांत जो जेवतो तो घरचा धरतात, मी तसंच लिहून घेतलं, चूक माझी. हे वाक्य मी येताना गाडीत इंग्रजीत जुळवलं होतं, तीनदा म्हणून बघितलं होतं.

मी म्हणालो, "पाहणीच्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तर होती."

"मग एकशे तेरा माणसं कुठं गेली?"

"मला माहीत नाही."

अधिकाऱ्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. इद्रीसभाईंना इंग्रजी फारसं कळत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब काय बोल्ला?" मी म्हटलं, विचार करतो म्हणाला. ते म्हणाले, "चांगला मानूस हाय. तुमाला बसवलंन."

प्रेमाला इंग्रजी सगळं कळतं. एकटी बसनं गेली. कालची रात्रपाळी असावी, थकलेली दिसली.

१७ जानेवारी

सकाळी आठला पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. एकशे तेरा माणसं शोधायला. गच्च्या बघितल्या, न्हाणीघरं बघितली. मुस्तफाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. दुसऱ्या वेळी हे असं काही ऐकलं असतं तर हसलो असतो.

सात नंबरात पोलिसानं फॉर्मवरचा आकडा वाचला. सतरा. घरात दोन. बाकीचे पंधरा हजर करा, नाही तर लपवल्याबद्दल नवऱ्याला नेऊ. भाभींना वाटलं, आकडा भरून दिला की संपलं. त्या गल्लीत आल्या आणि एकेकाला हाका मारायला लागल्या. मुस्तफाकडचे चार आले. आठ नंबरचे दोघे आले, पुढच्या घरांतले सात जण आले. मीही गेलो, मला हाक मारली होती.

अब्बास तेव्हा गल्लीच्या टोकाला बेकरीत होता. त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, आठ महिन्यांपूर्वी संपला होता. ज्या कफीलाच्या, म्हणजे हमीदार मालकाच्या, नावावर तो इथं आला होता त्यानं धंदाच बंद केला. पोलीस दिसले की तो मागच्या बोळातून समुद्राकडे निघून जायचा, हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक. आजही गेला असता. भाभींनी हाक मारली, "अब्बास, ये रे, माजी मानसं कमी पडतात." तो हातातल्या रोट्या तशाच घेऊन आला.

सतरा पुरी झाली. मग पोलिसांनी सगळ्यांचे कागद मागितले.

अब्बासला आणि मुस्तफाकडच्या दोघांना नेलं. गाडीत चढताना त्यानं रोट्या भाभींच्या हातात दिल्या. एकशे तेरा काही सापडले नाहीत. पोलिसांनी लिहून नेलं, की रहिवाशांनी माहिती दडवली.

१८ जानेवारी

भाभी दिवसभर एकच म्हणत आहेत. "मीच हाक मारली त्याला. मीच मारली."

मी म्हटलं, तुमचा काय दोष, भाभी. त्याचे कागद नव्हते. आज ना उद्या पकडलाच असता.

त्यांना जरा बरं वाटलं असावं. मला ताट वाढलं. भाजी वेगळ्या पातेल्यातली. मी जेवलो.

२६ जानेवारी

अब्बासला विमानात बसवलं. बरोबर काही नेऊ दिलं नाही. त्याची हत्यारांची पेटी मुस्तफाच्या गच्चीवर आहे.

प्रेमा हॉस्पिटलच्या होस्टेलवर राहायला गेली. सांगून गेली नाही. रस्त्यात दिसली तर मी हाक मारली, तिनं ओळख दाखवली नाही. इतकी वर्षं परदेशात राहून बायका जरा कडक होतात.

४ फेब्रुवारी

गल्ली रिकामी झाली. मुस्तफा कुणा मेहुण्याकडे. इद्रीसभाईंना वफ्राच्या एका शेतावर पंप बघायचं काम मिळालं, शेतावरच पत्र्याची खोली. गावापासून तास-दीड तासाचा रस्ता. भाभी ट्रकवर मागे बसल्या, भांड्यांच्या पोत्याला टेकून. मला म्हणाल्या, "तुमी लय केलंत आमच्यासाठी. अर्ज तुमीच लिवलात." खरोखरच असं म्हणाल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. ट्रकचं इंजिन चालू होतं, ऐकू गेलं नसतं.

दुपारी मशीन आलं. मातीच्या भिंती, फार वेळ लागला नाही.

२० फेब्रुवारी

पोस्टमासाहेबांचं पत्र. ते परत येणार नाहीत, दुसऱ्या कामावर गेले. सोबत फोटो आहे. रॉटरडॅमच्या एका जुन्या गल्लीत नवी घरं झालीत, जुनेच लोक राहायला परत आलेत, रस्त्यात टेबल मांडून सगळे जेवतायत. मागे लिहिलंय, "तुझ्या लोकांची आठवण झाली. त्यांना माझा नमस्कार सांग."

कुठं जाऊन सांगू?

१९ मार्च

शैला आणि रेखा आल्या. कंपनीचा फ्लॅट, तिसरा मजला. रेखानं मला बघून आईचा पदर धरला. दोन दिवसांत सुटला. शैला विचारत होती, शेजारी कोण? म्हटलं, एक सीरियन आहे बहुतेक, आणि वर कोण ते ठाऊक नाही.

नवीन कार्डावर हुद्दा छापून आला आहे.

७ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दारावर माणूस आला. वफ्राहून भाजीची गाडी घेऊन बाजारात येतो, गुहागरकडचा. भाभींनी पिशवीभर काकड्या पाठवल्या होत्या. घर शोधत दोन तास हिंडला म्हणे.

निरोप होता. शेतावर कुणीतरी माणसांची मोजणी करायला येणार आहेत, मालकानं सांगितलंय. "भाभीनं इचारलंय, आमच्या घरची किती सांगू? इंजिनेर भाऊ म्हनतील तेवढी सांगते."

मी विचारलं, जेवायला किती असतात?

"मी धरून नऊ."

मी म्हटलं, दोन सांगा म्हणावं. भाभी आणि इद्रीसभाई. बाकी कुणाचं नाव काढायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी दोन.

त्याला ते पटलं नाही. पिशवी हातात धरून उभाच राहिला. "मंग आमी कुनाची मानसं सांगायची?"

"कुणाची नाही."

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि जिना उतरून गेला. पाणीही विचारायचं राहिलं. शैलानं आतून विचारलं, कोण होतं? म्हटलं, ऑफिसचा ड्रायव्हर. तिनं काकड्या धुतल्या. कोवळ्या होत्या, दोन वेळा कोशिंबीर झाली.